उन्हाने त्वचेतल्या रक्तवाहिन्या कशा वाढतात, आणि वांगावर रक्तस्रावाची गोळी का देतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय छत्तीस, शाळेत शिक्षिका, रोज स्कूटरवरून जाणं-येणं, दोन्ही गालांवर काही वर्षांपासून वांग. हल्ली त्या डागांत तांबूस छटा आली आहे आणि आरशाजवळ गेलं की बारीक लाल रेषा दिसतात. त्वचारोगतज्ज्ञ म्हणाले, "उन्हामुळे रक्तवाहिन्या वाढल्यात," आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या लिहून दिल्या. हीच गोळी तुमच्या बहिणीला पाळीत अंगावरून जास्त जातं म्हणून दिली होती. म्हणून तुमच्या दोन शंका: ऊन कातडीला वरवर लागतं, मग आतल्या रक्तवाहिन्या कशा वाढतात? आणि रक्तस्राव थांबवणाऱ्या गोळीचं चेहऱ्यावर काय काम?

दोन्ही शंका रास्त आहेत आणि दोन्हींना नीट उत्तर आहे. पण प्रश्नाच्या शेवटी जाता जाता तुम्ही एक वाक्य लिहिलंय, की आधी मेडिकलमधून आणलेलं एक क्रीम वर्षभर लावलं आणि त्याने "छान उजळ वाटायचं". माझ्या मते तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची माहिती ही आहे. गाल लाल दिसण्याची कारणं निदान तीन असतात: असलेल्या वाहिन्या फुगल्या, नव्या वाहिन्या उगवल्या, किंवा वरची कातडी पातळ झाल्याने आतल्या वाहिन्या उघड्या पडल्या. ऊन पहिली दोन करतं. तिसरं बहुतेक वेळा क्रीमच्या ट्यूबमधून येतं. तुमच्या गालावर यातलं नेमकं काय आहे, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. कसं ठरवतात ते मात्र सांगते.

आधी ऊन. सूर्याची अतिनील किरणं आपल्यापर्यंत येतात ती दोन प्रकारची. यूव्हीबी म्हणजे साधारण २८० ते ३१५ नॅनोमीटर लांबीची, आणि यूव्हीए ३१५ ते ४००ची. यूव्हीए अंतस्त्वचेत बरंच खोल जातं. यूव्हीबी बहुतांशी बाह्यत्वचेतच शोषलं जातं, आणि चेहऱ्यावरची बाह्यत्वचा जेमतेम वहीच्या कागदाएवढी जाड असते. या थरात एकही रक्तवाहिनी नाही. त्याच्या पेशी खालच्या केशवाहिन्यांतून झिरपत येणाऱ्या पोषणावर जगतात. म्हणजे तुमची शंका खरं तर तुम्ही मांडलीय त्याहून अवघड आहे: यूव्हीबी जिथे थांबतं तिथे वाहिन्या नाहीत, आणि वाहिन्या आहेत तिथे यूव्हीबी फारसं पोहोचत नाही. तरीही यूव्हीबीने वाहिन्या वाढतात.

याचं उत्तर बाह्यत्वचेच्या मुख्य पेशींमध्ये, केराटिनोसाइटमध्ये आहे. या पेशी म्हणजे नुसतं वरचं आच्छादन, अशी पूर्वी समजूत होती. प्रत्यक्षात त्या दिवसभर खालच्या थराला रासायनिक निरोप धाडत असतात. त्यातला वाहिन्यांसाठीचा मुख्य निरोप म्हणजे व्हीईजीएफ नावाचं प्रथिन. त्याचा शोध दोनदा लागला. १९८३ साली अमेरिकेत सेंगर आणि ड्वोराक यांना कर्करोगाच्या गाठीतून पाझरणारं, वाहिन्या गळक्या करणारं एक प्रथिन सापडलं. १९८९ साली फेरारा यांनी वाहिन्यांच्या अस्तरपेशींना विभागायला लावणारं प्रथिन वेगळं केलं. दोन्ही एकच निघाली. ही जोडी ध्यानात ठेवा, कारण चेहऱ्यावर आपल्याला दोन्ही कामं दिसतात: आधी वाहिनी गळकी होते, वाढते ती नंतर.

१९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात केराटिनोसाइट काचपात्रात वाढवून त्यांच्यावर यूव्हीबी सोडलं, तर व्हीईजीएफचं उत्पादन जोरात वाढलं. मला त्यातला दुसरा भाग जास्त आवडतो. प्रकाश न टाकता नुसतं हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं तरी व्हीईजीएफ वाढलं. म्हणजे पेशीला ऊन "दिसतं" असं काही नाही. उन्हाने तिच्या आत जी दाहक ऑक्सिजन-रसायनं तयार होतात, त्यांना ती उत्तर देते.

पुढची साखळी अशी. केराटिनोसाइटच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचा ग्राहक, म्हणजे बाहेरचा निरोप पकडणारं प्रथिन, असतो. एरवी बाहेरून वाढीचं द्रव्य येऊन चिकटलं तरच तो जागा होतो, आणि जागा झाला की त्याला पुन्हा शांत करणारी एन्झाइम्स जवळच असतात. अतिनील किरणांनी निर्माण झालेली ही ऑक्सिजन-रसायनं नेमकी त्या शांत करणाऱ्या एन्झाइम्सना निकामी करतात. त्यामुळे बाहेरून कुणी काही न सांगता ईजीएफआर चालू होतो आणि चालूच राहतो. मग आतले संदेशमार्ग पेटतात, ईआरकेसारखी एन्झाइम्स कामाला लागतात, केंद्रकात एपी-१ सारखे जनुक-नियंत्रक जागे होतात. व्हीईजीएफचं जनुक वाचलं जातं आणि काही तासांत प्रथिन पेशीबाहेर पडू लागतं. याच एपी-१ मुळे त्वचेला आधार देणारं कोलॅजन कुरतडणारी एन्झाइम्सही वाढतात, म्हणून सुरकुत्या आणि लाल जाळी एकाच चेहऱ्यावर हातात हात घालून येतात. यूव्हीएनेही व्हीईजीएफ वाढतं, पण तिथे जनुकाला जागं करणारे हात थोडे वेगळे असतात. तुमच्या दृष्टीने त्यातला मुद्दा एवढाच की नुसतं यूव्हीबी अडवून भागत नाही.

बाहेर पडलेलं व्हीईजीएफ बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या पातळ पडद्यातून खाली झिरपतं आणि वरच्या अंतस्त्वचेतल्या केशवाहिन्यांच्या अस्तरपेशींना चिकटतं. काही मिनिटांत त्या पेशींमधल्या फटी सैल होतात, पाणी आणि प्रथिनं बाहेर झिरपतात. निरोप येतच राहिला तर अस्तरपेशी आजूबाजूची जाळी विरघळवून पुढे सरकतात, विभागतात, आणि नवी फांदी फुटते.

पण हे अर्धंच झालं. निरोगी त्वचेत वाहिन्या उगाच वाढत नाहीत, कारण केराटिनोसाइट एक उलटा निरोपही पाठवत असतात. थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ हे प्रथिन वाहिन्यांना आवर घालतं. बोस्टनमधल्या मायकल डेटमार यांच्या गटाने २००२ ते २००५ च्या दरम्यान उंदरांवर जे काम केलं, त्यातून चित्र स्पष्ट झालं. यूव्हीबीनंतर व्हीईजीएफ वर जातं आणि थ्रॉम्बोस्पॉन्डिन खाली येतं. ज्या उंदरांच्या बाह्यत्वचेत थ्रॉम्बोस्पॉन्डिन मुद्दाम जास्त ठेवलं होतं, त्यांना तेवढंच यूव्हीबी देऊनही वाहिन्या फारशा वाढल्या नाहीत आणि सुरकुत्याही कमी पडल्या. ज्यांच्यात व्हीईजीएफ जास्त होतं, त्यांची त्वचा थोड्याशा किरणांनीही बिघडली. शेवटची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. वाहिन्या ही उन्हाच्या इजेची केवळ खूण नसून ती इजा पुढे नेणारा एक दुवा आहे.

त्वचा असं का करते? इजा झाली की दुरुस्तीला रक्त हवं. जखम भरतानाही हेच व्हीईजीएफ कामाला येतं. एखाद्या दिवसाच्या उन्हाला हे उत्तर अगदी योग्य आहे. अडचण येते ती रोजच्या उन्हात, जिथे कालची दुरुस्ती संपायच्या आत आजचा निरोप निघालेला असतो.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. उन्हातून आल्यावर चेहरा लालबुंद होतो ती वाहिन्यांची वाढ नाही. ते फुगणं आहे. प्रोस्टाग्लँडिन आणि नायट्रिक ऑक्साइड या रसायनांमुळे आधीच्याच वाहिन्या रुंदावतात, लाली साधारण बारा ते चोवीस तासांत कळसाला जाते आणि ओसरते. नवी फांदी फुटायला दिवस लागतात आणि टिकायला वारंवार निरोप लागतो. आपल्या सावळ्या त्वचेत ही लाली नीट दिसतही नाही. "मला ऊन बाधत नाही, मी कधी लाल होत नाही" असं रुग्ण सांगतात तेव्हा मी मान डोलावते आणि सनस्क्रीन लिहून देते. मेलॅनिन या त्वचेतल्या रंगद्रव्यामुळे थोडं संरक्षण मिळतं हे खरं, पण लाली न दिसणं आणि निरोप न निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक गुंता. वर्षानुवर्षं उन्हात राबलेल्या त्वचेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर वरच्या अंतस्त्वचेत बारीक वाहिन्या बऱ्याचदा कमीच आढळतात. उरलेल्या काही मात्र रुंद, वेड्यावाकड्या झालेल्या असतात. कारण वाहिनीला टेकायला कोलॅजनची जाळी लागते आणि उन्हाने ती जाळीच खाल्लेली असते. तेव्हा "ऊन म्हणजे जास्त वाहिन्या" हे समीकरण अलीकडच्या, चालू असलेल्या इजेला लागू पडतं. शेतात जन्म काढलेल्या सत्तरीच्या आजोबांच्या मानेला ते जसंच्या तसं लागू पडत नाही. तुम्ही छत्तीस वर्षांच्या आहात, तुमच्यात निरोपाचा टप्पा चालू असण्याची शक्यता जास्त.

आता वांग. वांग म्हणजे मेलॅनिनचा आजार, असंच आम्ही शिकलो आणि बराच काळ तसंच शिकवलंही. २००७ साली कोरियातल्या संशोधकांनी वांगाच्या डागातली त्वचा आणि त्याच रुग्णांची शेजारची साधी त्वचा शेजारी शेजारी ठेवून तपासली. डागात वाहिन्या जास्त आणि रुंद होत्या, आणि तिथल्या केराटिनोसाइटमध्ये व्हीईजीएफही जास्त होतं. नंतर असंही दिसलं की वाहिन्यांच्या अस्तरपेशी एंडोथेलिन-१ नावाचं द्रव्य सोडतात आणि ते रंगपेशींना मेलॅनिन करायला चिथावतं. म्हणजे चक्र असं: ऊन केराटिनोसाइटला डिवचतं, ती वाहिन्या वाढवते, वाहिन्या रंगपेशींना डिवचतात. फक्त रंग पुसणारं क्रीम लावून वांग पुन्हा पुन्हा का उलटतं, याचं निदान एक कारण इथे आहे. सगळ्याच रुग्णांत वाहिन्यांचा भाग सारखा नसतो. काहींच्या डागात तो ठळक असतो, काहींच्यात शोधूनही सापडत नाही, आणि औषध त्यावर ठरतं.

तुमची गोळी याच चक्रात बसते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या दाम्पत्याने शोधलं. १९६२ साली ते प्रसिद्ध झालं आणि आज बाळंतपणातल्या रक्तस्रावापासून अपघातापर्यंत सगळीकडे वापरतात. प्लाझमिनोजेनपासून प्लाझमिन होणं ते रोखतं. रक्तात प्लाझमिन गुठळी विरघळवतं, म्हणून ते रोखलं की रक्तस्राव कमी होतो. पण उन्हाने केराटिनोसाइटमध्येही हीच यंत्रणा जागी होते, आणि त्वचेतलं प्लाझमिन दोन उद्योग करतं. एक, दाह वाढवणारी आणि रंगपेशींना डिवचणारी रसायनं सोडवतं. दोन, आजूबाजूच्या जाळीत अडकून पडलेलं व्हीईजीएफ तोडून मोकळं करतं. गोळी हे दोन्ही कमी करते. काही महिने उपचार घेतलेल्यांच्या त्वचेच्या तुकड्यांत डागातल्या वाहिन्या कमी झालेल्याही दिसल्या आहेत. पाळीसाठी हिचा डोस मोठा असतो आणि दिवस मोजके. वांगाला बहुधा २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पण महिन्यांच्या हिशेबात. गोळी बंद केल्यावर आणि ऊन तसंच चालू राहिल्यास डाग परततात, हे मी रुग्णांना पहिल्याच भेटीत सांगते.

कुणी हुशार वाचक विचारेल, व्हीईजीएफ थेटच का अडवू नये? मधुमेहात पडद्याला सूज आली की डोळ्यात व्हीईजीएफविरोधी इंजेक्शन देतात ना? देतात, पण डोळ्यात, थेंबभर. अंगभर दिलं तर रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडातून प्रथिनं जाऊ लागतात, जखमा भरत नाहीत. गालावरच्या डागासाठी हा सौदा कुणी करू नये.

आता त्या क्रीमकडे. आपल्याकडे मेडिकलमध्ये "वांगाचं क्रीम" मागितलं की बहुतेक वेळा तीन औषधांचं मिश्रण हातात पडतं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड. मूळ सूत्रात स्टिरॉइड सौम्य असतं आणि ते थोड्या आठवड्यांसाठी, देखरेखीखाली वापरायचं असतं. बाजारात मिळणाऱ्या कित्येक मिश्रणांत मोमेटासोनसारखं जोरकस स्टिरॉइड असतं, आणि लोक ते कोल्ड क्रीमसारखं वर्षभर लावतात. सुरुवातीला चेहरा उजळतो, कारण स्टिरॉइड वाहिन्या आवळतं आणि दाह दाबतं. मग अंतस्त्वचा पातळ होते, वाहिन्यांभोवतीचा आधार जातो, त्या कायमच्या रुंद राहतात आणि पातळ कातडीतून दिसू लागतात. क्रीम थांबवलं की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो, म्हणून माणूस पुन्हा लावतो. माझ्याकडे "उन्हाने गाल लाल झालेत" म्हणून येणाऱ्या बायकांमध्ये हा प्रकार उन्हाच्या शुद्ध इजेपेक्षा खूप जास्त दिसतो.

तपासणीत दोन्ही वेगळे काढता येतात. मी आधी एक साधी काचपट्टी गालावर दाबते. दाबाखाली रक्त सरतं, लाल भाग फिका पडतो आणि मागे उरतो तो खरा तपकिरी रंग. कधी कधी निम्मा डाग तिथेच नाहीसा होतो आणि रुग्णाला आरशात दाखवला की तिचा विश्वास बसत नाही. मग डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग. वांगात तपकिरी जाळीदार रंग दिसतो, लोमछिद्रं त्यातून गोल, फिकी सुटलेली असतात आणि मधूनच एखादी बारीक वाहिनी डोकावते. स्टिरॉइडच्या चेहऱ्यावर वाहिन्या रुंद, लांब, एकमेकींना जोडलेल्या असतात, कातडी चकाकते आणि गालावर नको तिथे लव वाढलेली असते. दोन्ही एकत्रही असू शकतात, तुमच्यात तसं असलं तर मला नवल वाटणार नाही. पुढच्या भेटीला ते रिकामं क्रीम, ट्यूबसकट, घेऊन जा. नाव आठवत नाही असं सांगण्यापेक्षा ते बरं. आणि अजून लावत असाल तर स्वतःच्या मनाने एका दिवसात बंद करू नका, कमी कसं करायचं ते डॉक्टर ठरवतील.

उष्णतेचंही एक आहे. अवरक्त किरणं आणि नुसती उष्णता यांनीही मानवी त्वचेत व्हीईजीएफ वाढतं आणि थ्रॉम्बोस्पॉन्डिन घटतं, असं २००६ सालच्या कोरियन अभ्यासात दिसलं. सनस्क्रीन लावून चुलीपुढे किंवा भट्टीपुढे तासन्‌तास बसणारीचं वांग का हटत नाही, याचा उलगडा यातून थोडासा होतो. तुम्ही याबद्दल काही लिहिलं नाही, म्हणून इथेच सोडते.

रोजच्या व्यवहारात तुम्हाला काय करता येईल? सनस्क्रीनच्या डबीवरचा एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीने येणाऱ्या लालीवर मोजलेला असतो. यूव्हीएसाठी डबीवरच्या "पीए" या अक्षरांपुढची अधिकची (+) चिन्हं पाहा, जितकी जास्त तितकं बरं. सावळ्या त्वचेत दिसणारा प्रकाशही, विशेषतः निळा, वांग गडद करतो आणि साधं पांढरं सनस्क्रीन तो अडवत नाही. म्हणून मी वांगाला आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन पसंत करते. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीभर घ्या. आपण बायका सहसा वाटाण्याएवढं लावतो, आणि मग सनस्क्रीन चालत नाही म्हणतो. स्कूटरवर स्कार्फ बांधता ते चांगलंच, पण पातळ, फिक्या सुती कापडातून बरंच अतिनील आत येतं, आणि स्कार्फ बांधल्यावर उघडा राहतो तो डोळ्यांखालचा गालाचा उंचवटा, म्हणजे नेमकी वांगाची जागा. गडद, घट्ट विणीचा स्कार्फ आणि आतून सनस्क्रीन, दोन्ही हवं. वर्गात खिडकीशेजारी टेबल असेल तर ते हलवा. साधी काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए बरंचसं आत सोडते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारचा यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, ११ च्या पुढे जातो, पण ढगाळ जुलैतही सुट्टी घेऊ नका.

लेझरबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी कुणीतरी सुचवेलच. वाहिन्यांचं लेझर हिमोग्लोबिनला लक्ष्य करतं, पण सावळ्या त्वचेत मेलॅनिन मध्येच ती ऊर्जा खातं. डाग जास्त काळे होण्याचा धोका खरा आहे, आणि वांग असेल तर आणखी जास्त. निदान पहिलं वर्ष तरी मी त्या वाटेला जात नाही.

राहिली गोळीची सुरक्षितता. पूर्वी पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आला असेल, घरात कमी वयात गुठळ्या झाल्याचा इतिहास असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, दिवस राहिले असतील किंवा तशी शक्यता असेल, तर हे सगळं गोळी सुरू करण्याआधी सांगायलाच हवं. गर्भनिरोधक गोळ्यांचंही तसंच: त्यांनी वांगही वाढतं आणि गुठळीचा धोकाही. आणि एक गोष्ट बायका औषधांत धरतच नाहीत म्हणून मी मुद्दाम विचारते: गौरी-गणपती, लग्नकार्य, यात्रा आली की पाळी पुढे ढकलायला घेतलेल्या हार्मोनच्या गोळ्या. त्या आणि ट्रॅनेक्झॅमिक एकाच वेळी घेणं मला मान्य नाही. भाद्रपदात तशी गोळी घ्यायचा बेत असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा. आणि एका पोटरीत अचानक दुखून सूज आली, धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.